वैयक्तिक दिवाळखोरी: कर्जातून बाहेर पडण्याच्या कायदेशीर मार्गाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांची कर्जे आता उत्पन्नातून फिटण्यासारखी राहिलेली नाहीत, आणि ज्यांच्या घरात अशी व्यक्ती आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. दिवाळखोरीचा कायदा प्रत्येक देशात वेगळा असला तरी त्याचा गाभा बराचसा सारखा आहे. म्हणून तत्त्व आधी सांगून, ते वेगवेगळ्या देशांत कसे लागू होते याची उदाहरणे त्याच ठिकाणी दिली आहेत. प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी आपल्या देशातील वकिलाचा किंवा मान्यताप्राप्त कर्ज-सल्लागाराचा सल्ला घेणे आवश्यकच आहे.

नादारी आणि दिवाळखोरी यांत फरक काय?

नादारी ही आर्थिक स्थिती आहे, तर दिवाळखोरी हा कायदेशीर दर्जा आहे. देणी वेळेवर भागवता येत नाहीत, किंवा सर्व मालमत्ता विकूनही ती पुरी होणार नाहीत, अशा अवस्थेत असलेला माणूस नादार असतो, मग त्याने कोणत्याही कार्यालयाची पायरी चढलेली नसली तरी. न्यायालयाने किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने त्या स्थितीची नोंद घेऊन आदेश दिला, म्हणजे तो दिवाळखोर ठरतो.

बोलीभाषेत ‘दिवाळे काढले’ म्हणजे लोकांचे पैसे बुडवून हात वर केले, असा अर्थ रूढ आहे, आणि या विषयाबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथेच आहे. कायद्यातील दिवाळखोरी याच्या नेमकी उलट आहे. हात वर करणारा माणूस धनकोंना, म्हणजे ज्यांचे देणे आहे त्यांना, चुकवतो, तर दिवाळखोरीचा अर्ज करणारा ऋणको, म्हणजे कर्जदार, आपली सर्व मालमत्ता, सर्व उत्पन्न आणि सर्व देणी शपथेवर लिहून देतो, कायद्याने संरक्षण न दिलेली मालमत्ता विश्वस्ताच्या, म्हणजे ती विकून धनकोंमध्ये वाटण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या, ताब्यात सोपवतो, आणि त्या बदल्यात उरलेल्या देण्यांतून सुटका मागतो. या सुटकेला ऋणमुक्ती म्हणतात. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी पुरा व्हावा लागतो. ऋणकोने काही लपवले, तर कायदाही आपला हात आखडता घेतो.

घेतलेले कर्ज फेडायलाच हवे, मग कायदा ते माफ का करतो?

हा प्रश्न बहुधा सर्वांत आधी कर्जदार स्वतःलाच विचारतो, आणि तो विचारणे योग्यच आहे.

कर्ज न फेडणाऱ्याच्या शरीरावर धनकोचा हक्क असणे ही एके काळी सर्वसामान्य गोष्ट होती. प्राचीन रोममध्ये कर्जापोटी माणूस धनकोचा वेठबिगार होत असे. ती पद्धत परंपरेनुसार इ. स. पूर्व ३२६ च्या सुमारास पोएटेलियन कायद्याने बंद झाली. इंग्लंडमधील १५४२ चा दिवाळखोरीचा पहिला कायदा ऋणकोकडे गुन्हेगार म्हणूनच पाहत होता. तेथे १७०५ साली, राणी ॲनच्या काळात, सर्व मालमत्ता प्रामाणिकपणे हवाली करणाऱ्या व्यापाऱ्याला उरलेल्या देण्यांतून मुक्त करण्याची तरतूद प्रथम झाली. त्याच कायद्यात फसवणूक करणाऱ्या दिवाळखोराला देहदंडही सांगितला होता. प्रामाणिक आणि अप्रामाणिक ऋणको यांत कायद्याने केलेला हा भेद तीनशे वर्षांनंतरही टिकून आहे. शिक्षेची तीव्रता मात्र गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ च्या लोकल लोन कंपनी विरुद्ध हंट या निकालात हेच तत्त्व मांडले: प्रामाणिक पण दुर्दैवी ऋणकोला जुन्या कर्जाच्या ओझ्याशिवाय आयुष्य नव्याने सुरू करण्याची संधी मिळाली पाहिजे.

यामागे दया आहे, पण व्यवहारही आहे. ज्याच्या मिळकतीतला प्रत्येक जादा पैसा दुसऱ्याच्या खात्यात जाणार आहे, त्याला अधिक काम करण्याची उमेद राहत नाही. तो उघड कमाई सोडून लपूनछपून काम करू लागतो, गाव बदलतो, बँकेच्या व्यवहारातून बाहेर पडतो. अशा माणसाकडून धनकोलाही काही मिळत नाही. शिवाय कर्ज देणाऱ्याने जोखीम ओळखून तेवढे व्याज लावलेले असते. काही कर्जे बुडणार, हा त्याच्या हिशेबाचाच भाग असतो. आजारपण, नोकरी जाणे, धंदा बसणे किंवा संसार मोडणे या कारणांनी कर्जात रुतलेल्या माणसाला ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे ऐकवून काहीच साधत नाही, कारण त्याचे पाय तेवढेच असतात आणि अंथरूण आखूड झालेले असते.

माझे कर्ज दिवाळखोरीचा विचार करण्याइतके गंभीर आहे, हे कसे ओळखावे?

कर्जाची रक्कम एकटी काहीच सांगत नाही. ती उत्पन्नाशी आणि व्याजदराशी ताडून पाहावी लागते. वार्षिक ३६ टक्के, म्हणजे दरमहा ३ टक्के दराने १,००,००० ची थकबाकी असेल, तर पहिल्या महिन्याचे व्याजच ३,००० होते. दरमहा नेमके ३,००० भरणारा माणूस वर्षअखेरीस ३६,००० भरून बसतो, आणि त्याची थकबाकी मात्र तेवढीच, १,००,००० राहते. आपण नियमित फेड करत आहोत ही त्याची भावना खरी असते, पण मुद्दल जागचे हललेले नसते.

माझी स्वतःची कसोटी अशी आहे: कुटुंबाचा काटकसरीचा पण माणसासारखा खर्च वजा करून जे उरते, ते सगळेच्या सगळे पाच वर्षे कर्जात भरले तर तारण नसलेली कर्जे फिटतील का? उत्तर होकारार्थी असेल, तर फेडीची आखीव योजना आणि धनकोंशी वाटाघाटी यांनी काम भागू शकते. उत्तर नकारार्थी असेल, तर केवळ जिद्दीने हे कर्ज फिटणार नाही, हे मान्य करण्याची वेळ आलेली असते. एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरणे, किराणा आणि औषधे कार्डावर घेणे, आलेली पत्रे न उघडणे आणि घरच्यांपासून रक्कम लपवणे ही त्याआधी दिसणारी लक्षणे आहेत.

दिवाळखोरीच्या आधी कोणते पर्याय तपासावेत?

पहिला पर्याय म्हणजे धनकोशी थेट बोलून हप्ते कमी करून घेणे, मुदत वाढवून घेणे किंवा व्याज थांबवून घेणे. थकबाकी पडण्याआधी केलेल्या विनंतीला जितका प्रतिसाद मिळतो, तितका ती वसुली विभागाकडे गेल्यावर मिळत नाही. दुसरा पर्याय तडजोडीचा, म्हणजे एकरकमी कमी रक्कम देऊन खाते बंद करण्याचा. येथे दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. तडजोड लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि ‘तुमचे कर्ज आम्ही अर्ध्यावर आणतो’ असे सांगून आगाऊ शुल्क मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. अमेरिकेत तडजोडीने सुटलेली रक्कम सामान्यतः करपात्र उत्पन्न धरली जाते, दिवाळखोरीत माफ झालेली रक्कम मात्र धरली जात नाही. हा फरक अनेकांना कराची नोटीस आल्यावरच कळतो.

तिसरा पर्याय कायद्याच्या चौकटीतील परतफेड योजनेचा आहे. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यातील ‘चॅप्टर १३’ या प्रकरणाखाली ऋणको तीन ते पाच वर्षे उत्पन्नातून ठरावीक रक्कम भरतो आणि घरासारखी मालमत्ता राखू शकतो. इंग्लंडमध्ये धनकोंच्या बहुमताने मंजूर होणारी इंडिव्हिज्युअल व्हॉलंटरी अरेंजमेंट, म्हणजे ऐच्छिक फेडीचा करार, आहे, तर कॅनडात जास्तीत जास्त पाच वर्षांचा कन्झ्युमर प्रपोजल, म्हणजे धनकोंपुढे ठेवलेला फेडीचा प्रस्ताव, आहे. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने अतिकर्जबाजारीपणासाठी आयोग स्थापन झाले. त्यांचे कामकाज मध्यवर्ती बँक पाहते आणि सुरुवातीला न्यायालयात जावेच लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची ६० दिवसांची सवलतही आहे. या काळात बहुतेक कर्जांवरील व्याज आणि वसुली थांबते, आणि माणसाला शांतपणे सल्ला घेता येतो. माझ्या मते अशी सवलत प्रत्येक देशात असायला हवी, कारण कर्जासंबंधीचे सर्वांत वाईट निर्णय दारात वसुलीवाला उभा असताना घेतले जातात.

प्रत्यक्ष प्रक्रिया कशी चालते?

अर्ज ऋणको स्वतः करू शकतो, आणि ठरावीक रकमेच्या वर देणे असल्यास धनकोही करू शकतो. इंग्लंडमध्ये धनकोसाठी ही मर्यादा ५,००० पौंडांची आहे. अर्जासोबत देण्यांची यादी, मालमत्तेची यादी, उत्पन्न-खर्चाचा तपशील आणि अलीकडच्या काळात केलेल्या हस्तांतरणांची माहिती द्यावी लागते. अमेरिकेत अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्ज-समुपदेशन घेणे २००५ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे, आणि त्याच दुरुस्तीने उत्पन्नाची कसोटीही आणली, जेणेकरून फेडण्याची ऐपत असलेल्यांनी चॅप्टर ७ ऐवजी, म्हणजे मालमत्ता विकून थेट ऋणमुक्ती मिळवण्याच्या मार्गाऐवजी, चॅप्टर १३ कडे वळावे.

त्यानंतर एक विश्वस्त किंवा शासकीय अधिकारी नेमला जातो. तो कागदपत्रे तपासतो, ऋणकोला प्रश्न विचारतो, विकण्याजोगी मालमत्ता विकतो आणि आलेले पैसे कायद्याने ठरवलेल्या क्रमाने धनकोंमध्ये वाटतो. धनकोंच्या सभेची अनेकांना भीती वाटते. अमेरिकेत या सभेत ऋणकोला शपथेवर उत्तरे द्यावी लागतात, पण सामान्य घरगुती प्रकरणांत धनको बहुधा येतही नाहीत, आणि सभा काही मिनिटांत आटोपते. विश्वस्त हा ऋणकोचा वकील नसतो, हे मात्र लक्षात ठेवावे. त्याचे काम धनकोंच्या हिताचे रक्षण करणे हे आहे.

ज्यांच्याकडे विकण्यासारखे काहीच नाही, त्यांच्यासाठी काही देशांत सोपी वाट आहे. इंग्लंड आणि वेल्समधील डेट रिलीफ ऑर्डर ही २००९ साली सुरू झालेली व्यवस्था त्यासाठीच आहे. तिचे अर्जशुल्क एप्रिल २०२४ मध्ये रद्द झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये कर्जाची कमाल मर्यादा ५०,००० पौंडांपर्यंत वाढवण्यात आली.

अर्ज केल्यावर वसुलीचा तगादा थांबतो का?

बहुतेक कायद्यांत थांबतो, आणि अनेकांना पहिला दिलासा इथेच मिळतो. अमेरिकेत अर्ज दाखल होताच आपोआप स्थगिती लागू होते. फोन, पत्रे, दावे, पगारातील कपात आणि जप्ती हे सगळे थांबवावे लागते, आणि जाणूनबुजून ती मोडणाऱ्या धनकोला नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. फौजदारी खटले आणि मुलांच्या पोटगीची वसुली मात्र या स्थगितीने थांबत नाही. तारण ठेवून कर्ज देणारा धनको न्यायालयाची परवानगी घेऊन तारणावर कारवाई पुढे चालवू शकतो.

घर, घरातील वस्तू, कामाची साधने आणि निवृत्तीची पुंजी जाईल का?

सगळे जाते ही समजूत चुकीची आहे. कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, उपजीविकेची साधने अशा वस्तूंना जवळपास सर्वत्र संरक्षण आहे. दिवाळखोरीच्या बाहेरच्या साध्या जप्तीतही हे तत्त्व लागू होते. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे आणि स्त्रीने धार्मिक रूढीप्रमाणे अंगावरून न काढायचे दागिने जप्तीतून वगळले आहेत.

घराचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि त्याचे उत्तर देशागणिक बदलते. टेक्सास आणि फ्लोरिडा या अमेरिकी राज्यांत राहत्या घराला, काही अटींसह, मूल्याची मर्यादा न ठेवता संरक्षण आहे, तर इतर अनेक राज्यांत ठरावीक रकमेपुरतेच आहे. इंग्लंडमध्ये घरातील ऋणकोचा हिस्सा विश्वस्ताकडे जातो, पण त्याबाबत सामान्यतः तीन वर्षांत पाऊल उचलले नाही तर तो हिस्सा ऋणकोकडे परत येतो. जोडीदाराचा स्वतःचा हिस्सा जोडीदाराचाच राहतो.

घरावर गहाण असेल, तर आणखी एक बारकावा समजून घ्यावा लागतो. ऋणमुक्तीने ऋणकोची वैयक्तिक जबाबदारी संपते, पण वस्तूवरचा बोजा संपत नाही. गहाणकर्जाचे हप्ते थांबले, तर घर विकून आलेली रक्कम अपुरी पडली तरी उरलेल्या पैशांसाठी धनको तुमच्या मागे येऊ शकणार नाही, पण घर मात्र तो घेऊ शकेल.

निवृत्तीच्या पुंजीविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. कायद्याने मान्य केलेल्या निवृत्ती-निधींना अनेक देशांत धनकोंपासून भक्कम संरक्षण आहे. अमेरिकेतील मान्यताप्राप्त निवृत्ती योजना आणि इंग्लंडमधील मान्यताप्राप्त पेन्शन योजना सामान्यतः दिवाळखोरीच्या मालमत्तेत येत नाहीत. भारतात कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीतील रकमेला कायद्यानेच जप्तीपासून संरक्षण दिले आहे. असे असूनही दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची माणसे हीच पुंजी काढून कार्डाची थकबाकी भरतात. ती थकबाकी काही महिन्यांनी ऋणमुक्तीत तशीही संपली असती. म्हातारपणाचा आधार, ज्याला कोणीही हात लावू शकला नसता, तो अशा रीतीने माणूस स्वतःच्या हाताने देऊन टाकतो, आणि तेही आपण प्रामाणिकपणे वागत आहोत या भावनेने. संरक्षित पुंजीला हात लावण्याआधी सल्ला घ्या.

कोणती देणी ऋणमुक्तीनंतरही राहतात?

मुलांचा आणि विभक्त जोडीदाराचा निर्वाहखर्च, न्यायालयाने केलेले दंड आणि फसवणूक करून घेतलेली कर्जे बहुतेक देशांत माफ होत नाहीत. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांचे प्राप्तिकर आणि मद्यधुंद अवस्थेत वाहन चालवून केलेल्या दुखापतीची भरपाईही राहते. शैक्षणिक कर्जाबाबत कायदे कडक आहेत. अमेरिकेत त्यासाठी ‘असह्य हालअपेष्टा’ वेगळ्या कार्यवाहीत सिद्ध कराव्या लागतात, कॅनडात शिक्षण संपून सात वर्षे झालेली असावी लागतात, आणि इंग्लंडमध्ये शासकीय शैक्षणिक कर्ज दिवाळखोरीत माफच होत नाही. तुमच्या देण्यांचा मोठा भाग याच प्रकारचा असेल, तर दिवाळखोरीचा फारसा उपयोग होणार नाही. म्हणून सल्लागाराकडे जाताना एकूण रकमेबरोबर प्रत्येक देण्याचा प्रकारही लिहून न्यावा.

माझ्या जामीनदाराचे काय होईल?

तुमची ऋणमुक्ती फक्त तुमची असते. जामीनदार किंवा सहकर्जदार त्यातून सुटत नाही, उलट धनको आता पूर्ण रकमेसाठी त्याच्याकडेच वळतो. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. अमेरिकेतील चॅप्टर १३ मध्ये घरगुती कर्जांपुरते सहकर्जदारालाही स्थगितीचे संरक्षण मिळते, चॅप्टर ७ मध्ये मिळत नाही. ज्या भावाने, मेहुण्याने किंवा मित्राने विश्वासाने सही केली आहे, त्याला अर्ज करण्याआधी सर्व परिस्थिती सांगणे हे तुमचे कर्तव्य आहे. नोटीस पाहून त्याला ते कळावे, यासारखा दुसरा आघात नाही.

पती, पत्नी किंवा मुलांवर माझे कर्ज जाते का?

केवळ नात्यामुळे सामान्यतः जात नाही. संयुक्त कर्ज, जामीन किंवा काही देशांतील पती-पत्नींच्या सामाईक मालमत्तेचे नियम असतील, तर मात्र जोडीदार अडकू शकतो.

अर्ज करण्याआधीच्या काळात कोणत्या चुका टाळाव्यात?

ज्यांना दिवाळखोरीचा लाभ मिळत नाही, त्यांपैकी अनेकांचे नुकसान अर्जाच्या आधीच्या काही महिन्यांत झालेले असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सर्वांत काळजीपूर्वक वाचावे.

मालमत्ता नातेवाइकांच्या नावावर करू नका. घर पत्नीच्या, गाडी भावाच्या आणि दागिने बहिणीच्या नावावर करून मगच अर्ज करावा, असा सल्ला आपलेपणाने देणारे पुष्कळ भेटतात. असे व्यवहार विश्वस्त उलगडू शकतो. अमेरिकेत अर्जाआधीच्या दोन वर्षांतील, आणि इंग्लंडमध्ये कमी किमतीत केलेले पाच वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासले जातात. ज्याच्या नावावर मालमत्ता केली, त्याला ती परत करावी लागते, आणि धनकोंना फसवण्याचा हेतू दिसला तर तुमची ऋणमुक्तीही नाकारली जाऊ शकते. दुःखाची गोष्ट अशी, की लपवलेली वस्तू पुष्कळदा कायद्याने संरक्षितच असते. नुसती नोंदवली असती तरी ती राहिली असती.

एकाच धनकोला झुकते माप देऊ नका. बँकेचे राहू द्या, पण सासऱ्यांचे पैसे आधी परत करू, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दिवाळखोरीचा कायदा सारख्या दर्जाच्या धनकोंना सारखी वागणूक देतो. अमेरिकेत अर्जाआधीच्या ९० दिवसांत, आणि नातेवाइकांच्या बाबतीत एक वर्षात दिलेली अशी रक्कम विश्वस्त परत मागू शकतो. इंग्लंडमध्ये ही मुदत सहा महिने आणि निकटवर्तीयांसाठी दोन वर्षे आहे. म्हणजे ज्या सासऱ्यांना वाचवण्यासाठी पैसे दिले, त्यांच्याच दारात विश्वस्ताची नोटीस जाते.

कर्ज माफ होणारच आहे, या समजुतीने नवी उधारी करू नका. अर्जाच्या तोंडावर घेतलेल्या चैनीच्या वस्तू किंवा उचललेली रोख रक्कम अमेरिकेत फसवणुकीची मानली जाऊ शकते, आणि ते देणे मग कायम राहते. शेवटची चूक विलंबाची. एकाचे घेऊन दुसऱ्याला देत दोन-तीन वर्षे काढली की देणी वाढतात, जामीनदारांची संख्या वाढते, निवृत्तीची पुंजी संपते, आणि मग माणूस दिवाळखोरीकडे येतो तेव्हा वाचवण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

या स्थितीतून मुक्त व्हायला किती काळ लागतो, आणि त्या काळात कोणती बंधने असतात?

अमेरिकेत चॅप्टर ७ चे साधे प्रकरण अर्जापासून सुमारे चार महिन्यांत ऋणमुक्तीपर्यंत पोहोचते. त्यानंतर पुन्हा याच मार्गाने ऋणमुक्ती हवी असेल, तर दोन अर्जांत आठ वर्षांचे अंतर असावे लागते. इंग्लंडमध्ये सामान्यतः १२ महिने लागतात, पण उत्पन्नातून शिल्लक राहत असेल तर तीन वर्षांपर्यंत हप्ता द्यावा लागू शकतो. कॅनडात पहिल्यांदाच दिवाळखोर झालेल्या आणि जादा उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला नऊ महिने, तर ऑस्ट्रेलियात तीन वर्षे आणि एक दिवस लागतो. जर्मनीने १९९९ च्या कायद्यात ठेवलेली दीर्घ मुदत टप्प्याटप्प्याने कमी करत ऑक्टोबर २०२० पासूनच्या अर्जांसाठी तीन वर्षांवर आणली.

इंग्लंडमध्ये या काळात कंपनीचे संचालकपद भूषवता येत नाही, आणि ५०० पौंड किंवा अधिक उधारी घेताना आपली स्थिती सांगावी लागते. बेजबाबदार किंवा अप्रामाणिक वर्तन आढळल्यास हे निर्बंध दोन ते पंधरा वर्षांपर्यंत वाढू शकतात. ऑस्ट्रेलियात परदेशी जाण्यासाठी विश्वस्ताची परवानगी लागते.

लोकांना कळेल का? नोकरी जाईल का?

नोंद सार्वजनिक असते. इंग्लंडमध्ये ती गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, येते, आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत तर कायमची राहते. पण शेजाऱ्यांना कोणी पत्र पाठवत नाही, आणि या नोंदी मुद्दाम शोधणारे बहुधा कर्जदाते असतात. अमेरिकेत केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून नोकरीतून काढण्यास कायद्याने मनाई आहे. वकिली, लेखापरीक्षण आणि वित्तसेवा यांसारख्या व्यवसायांत मात्र परवान्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तेथील नियम आधी पाहावेत.

पुन्हा कर्ज मिळेल का?

मिळते, पण उशिरा आणि सुरुवातीला महाग. अमेरिकेत पत-अहवालात ही नोंद दहा वर्षांपर्यंत राहू शकते, इंग्लंडमध्ये साधारणपणे सहा वर्षे. मात्र अर्ज करणाऱ्या बहुतेकांची पत आधीच थकबाकीमुळे ढासळलेली असते.

कर्ज न फेडल्यामुळे तुरुंगात जावे लागते का?

केवळ ऐपत नसल्यामुळे नाही, निदान ज्या कायद्यांचा येथे उल्लेख केला आहे त्यांत तरी नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले, की गरिबीमुळे देणे न भागवू शकणाऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. त्यासाठी ऐपत असून न देण्याचा अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. मालमत्ता लपवणे, खोटे शपथपत्र देणे किंवा न वटणारा धनादेश देणे हे वेगळे विषय आहेत, आणि त्यांत फौजदारी कारवाई होऊ शकते.

भारतात व्यक्तीला दिवाळखोरीचा अर्ज करता येतो का?

येथे जुना आणि नवा कायदा एकमेकांत गुंतलेले आहेत. कोलकाता, मुंबई आणि चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा, तर इतरत्र १९२० चा प्रांतिक नादारी कायदा होता. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी नवी व्यवस्था लिहिली गेली. तीत अतिशय अल्प उत्पन्न असलेल्यांसाठी ‘नवी सुरुवात’ ही प्रक्रियाही होती, ज्यासाठी वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० रुपयांच्या आत आणि पात्र कर्ज ३५,००० रुपयांच्या आत असावे, अशा अटी घातल्या आहेत. पण हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. सामान्य कर्जदारासाठी नवी संहिता कागदावर आली, पण अमलात आली नाही, आणि त्याला जुन्या कायद्याखाली दिवाणी न्यायालयाकडेच पाहावे लागले. कंपन्यांसाठी जी तत्परता दाखवली गेली, ती व्यक्तींच्या बाबतीत दाखवली गेली नाही, ही खेदाची बाब आहे.

घरच्यांना हे कसे सांगावे?

आकडे लिहून, एकाच वेळी, संपूर्ण. अर्धवट सांगितलेली रक्कम पुढे वाढत गेली, की कर्जापेक्षा लपवाछपवीची जखम खोल होते. सर्व धनकोंची नावे, थकबाकी, व्याजदर, तारण आणि जामीनदार असा एक तक्ता करावा. तोच तक्ता पुढे सल्लागाराला आणि अर्जालाही उपयोगी पडतो. झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर कर्जाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा जवळच्या माणसाला सांगावे. या प्रश्नोत्तरांतील कोणतीही प्रक्रिया काही दिवस थांबू शकते.

ऋणमुक्तीनंतरही कोणी जुने कर्ज मागू लागले, तर काय करावे?

असे घडते, कारण जुनी थकीत खाती वसुली कंपन्यांना विकली जातात, आणि विकत घेणाऱ्याकडे ऋणमुक्तीची नोंद पोहोचलेली नसते. अशा वेळी घाबरून थोडी रक्कमही भरू नये, आणि फोनवर कशालाही होकार देऊ नये. ऋणमुक्तीच्या आदेशाची आणि अर्जातील देण्यांच्या यादीची प्रत पाठवून उत्तर लेखी मागावे. तरीही तगादा चालू राहिला, तर विश्वस्ताला किंवा आदेश देणाऱ्या न्यायालयाला कळवावे. पत-अहवाल मागवून माफ झालेली खाती त्यात अजून थकीत दिसत नाहीत ना, हेही पाहावे, आणि दिसत असल्यास दुरुस्तीचा अर्ज द्यावा. आदेशाची मूळ प्रत आणि ती यादी वर्षानुवर्षे जपून ठेवावी, आणि ती कुठे ठेवली आहे हे घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावे.